पुन्हा प्यायलं गेलं आणि गेटवर टेस्ट आहे: पहिल्या रात्रीपासून कामावर परत जाईपर्यंत

लोटे, महाड, रोहा, नागोठणे, डोलवी, जयगड. कोकणपट्टीत आज हजारो माणसं अशा ठिकाणी कामाला आहेत जिथे मशीनमध्ये फुंकर मारल्याशिवाय आत सोडत नाहीत. रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर, बंदरावरचा क्रेनवाला, कोकण रेल्वेचा लोको पायलट, एस.टी.चा ड्रायव्हर, बोटीवर जाणारा खलाशी. यांतल्या कित्येकांनी कधीतरी दारू सोडलेली असते. वर्ष-दोन वर्षं नीट जातात. मग शिमग्यात, नाहीतर कुणाच्या तेराव्याला, नाहीतर काहीही कारण नसताना एका मंगळवारी संध्याकाळी ग्लास हातात येतो. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते.

हा लेख त्या माणसासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठी. क्रम मी मुद्दाम ठरवून लिहिला आहे: आधी शरीर, मग ड्युटी, मग सांगणं, मग उपचार. घाबरलेला माणूस उलटा जातो. आधी टेस्ट कशी चुकवायची याच्या मागे लागतो, त्यात दोन दिवस जातात, त्या दोन दिवसांच्या धास्तीनेच पुन्हा बाटली उघडते. लपवण्यात जातो तो वेळ सगळ्यात महाग पडतो, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच वेळेबद्दल आहे.

आधी शरीर

पहिला प्रश्न स्वतःला खरा विचारा. एका रात्रीपुरतं घेतलं, की गेले आठ-दहा दिवस रोज, सकाळपासून चालू आहे? दोन्ही ठिकाणी पुढची वाट वेगळी आहे.

एकाच रात्रीचं असेल तर आता थांबा. बाटलीत उरलं असेल तर ते मोरीत ओता, ‘उद्या टाकतो’ म्हणू नका. पाणी प्या, पेज किंवा मऊ भात खा आणि घरात कुणालातरी सांगून झोपा. एक गोष्ट लक्षात ठेवा: बरेच महिने दारूपासून दूर राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जेवढी सहज पचायची तेवढीच आज घेतली तर ती जास्त चढते, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून कुशीवर झोपा, एकटे झोपू नका.

पण रोजचं पिणं पुन्हा सुरू झालेलं असेल, सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावी लागत असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून एका दिवसाच्या आत कंप, घाम, मळमळ, झोप न येणं, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि माणसाला देवळात किंवा मांत्रिकाकडे नेतात. ही दारू तुटल्यामुळे मेंदूवर आलेली आणीबाणी आहे, तिने माणूस दगावतो. अशा वेळी थेट १०८ ला फोन करा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे.

फिट आली तर काय करायचं हे घरात आधीच ठरवून ठेवा. माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, वेळ मात्र जातो.

डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं सांगा: किती दिवस, रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का. लाजेपोटी निम्मं सांगितलं तर डोस निम्मा ठरतो. ‘एक सलाईन लावून द्या, उद्या कामाला जायचंय’ अशी मागणी आपल्याकडे सर्रास होते. बरेच दिवस पिणाऱ्याला नुसती ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा सलाईन लागायच्या आधी ‘डॉक्टर, बी-१ दिलंय का’ एवढं विचारायला कुणी लाजू नये. कंप थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टर मोजून, काही दिवसांपुरत्या देतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणून दारूवर घेणं जीवघेणं ठरतं.

ज्यांना डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडण्यासाठी देतात ती गोळी, चालू आहे त्यांनी हे दोनदा वाचावं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. असं काही होत असेल तर घरी वाट बघू नका.

आणखी एक, जे बोलायला जड जातं. घसरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत मनात येतं की आपण कुणाच्याच लायकीचे राहिलो नाही. आंबा-काजूच्या बागा असलेल्या घरांत फवारणीची औषधं पडवीत, माळ्यावर पडलेली असतात. घरच्यांनी ती त्या दिवसांत कुलपात ठेवावीत किंवा शेजाऱ्यांकडे द्यावीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. मरणाचे विचार येत असतील तर नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी हा फोन लावा.

उद्याच्या पाळीचं गणित

‘रात्री घेतली, सकाळी उतरते’ या समजुतीवर सगळ्यात जास्त माणसं पकडली जातात. हिशेब करून बघू.

साठ मिलीच्या एका पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रममध्ये, सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, सुमारे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या, ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. साधारण बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम संपवतं. म्हणजे एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बिअर रात्री साडेअकराला संपली, तर ती शरीरातून जायला दहा ते चौदा तास लागतात. सकाळी सातच्या गेटवर ती पुरेपूर हजर असते, दुपारी जेवणाच्या वेळेलाही थोडी असू शकते. यकृत आधीच बिघडलेलं असेल, वजन कमी असेल, पोट रिकामं असेल तर हिशेब आणखी बिघडतो. फेणी, माडी, गावठी यांची तर ताकदच ठरलेली नसते.

हे आकडे ‘किती वाजेपर्यंत प्यायला चालेल’ यासाठी वापरू नका. प्यायलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी तुम्ही कामाला लायक नसता, एवढंच ते सांगतात. अल्कोहोल शून्यावर आल्यावरही त्या दिवशी झोप, हात आणि लक्ष ताळ्यावर नसतं. रिॲक्टरचा वाल्व, बंदरावरचा कंटेनर, घाटातली एस.टी., यांना तेवढंसं लक्ष पुरत नाही.

बडीशेप, वेलची, कच्चा कांदा, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, धावून घाम काढणं: यांतल्या कशानेही आकडा खाली येत नाही. मशीन तोंडाचा वास बघत नाही, फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. दुसऱ्याला फुंकायला लावणं, दुसऱ्याची लघवी देणं, यात दारूच्या वर फसवणुकीचा आरोप येतो, आणि मग तुमच्या बाजूने बोलणारी युनियनसुद्धा गप्प बसते.

आणि गेटच्या आधी रस्ता आहे. मोटारसायकलवरून मुंबई-गोवा महामार्गावर येणार असाल तर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कंपन्यांच्या गेटवर तर बहुतेक ठिकाणी मर्यादा शून्यच धरतात, रस्त्याची तीसची सूट तिथे सांगून उपयोग नाही. बोटीवरच्या अधिकाऱ्यांना आणि सुरक्षेची ड्युटी असलेल्या खलाशांना आंतरराष्ट्रीय नियमाने रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अनेक कंपन्या त्याहूनही कडक असतात.

तेव्हा पाळीला जाऊ नका, आणि न जाण्याचं कळवा. पाळी सुरू व्हायच्या आधी, शक्य तर रात्रीच. फोनवर एवढं पुरे:

‘साहेब, उद्या पहिल्या पाळीला मी येऊ शकत नाही. मी ड्युटीला फिट नाही. एक दिवस सुट्टी लावा. परवा समोर येऊन बोलतो.’

मग हेच दोन ओळींत व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे कळवल्याची नोंद राहते. आजी वारली, ताप आला, असं काही रचू नका. फिट नाही हे खरं आहे आणि तेवढं सांगायला कुणाची हरकत नसावी. न कळवता गैरहजर राहणं हा मात्र वेगळा दोष आहे, तो सलग दिवसांचा झाला की त्यावरही कारवाई होते. रेल्वेत लॉबीत, म्हणजे हजेरी लावतात त्या खोलीत, ड्युटी घ्यायच्या आधीच, एस.टी.त गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच ‘आज मी अनफिट आहे’ म्हणता येतं. सही करून झाल्यावर, फुंकर मारल्यावर त्या वाक्याची किंमत उरत नाही.

कोणती टेस्ट काय पकडते

श्वासाची टेस्ट त्या क्षणाची असते. शेवटच्या घोटानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत, फार प्यायलेलं असेल तर थोडी उशिरा ती शून्यावर येते. लघवीतली ‘ई.टी.जी.’ नावाची तपासणी दारू उतरल्यावरही तीन-चार दिवस सांगते. रक्तातली ‘पेथ’ ही तपासणी दोन ते चार आठवडे मागचं सांगू शकते. जी.जी.टी.सारखे यकृताचे आकडे बरेच दिवसांच्या पिण्याचा अंदाज देतात, पण ते फॅटी लिव्हरनेही वाढतात, म्हणून एकट्या त्यांवर कुणाला दोषी धरता येत नाही. बोटीवर जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये आणि मोठ्या कंपन्यांत अशा पुढच्या तपासण्या होऊ शकतात. ‘दोन दिवस थांबलो की कुणाला कळणार नाही’ हा हिशेब म्हणूनच कच्चा आहे.

उपचारातल्या औषधांबद्दलही आधीच जागे राहा. दारू सोडवताना देतात त्या क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या लघवीच्या ड्रग टेस्टमध्ये दिसू शकतात आणि त्यांनी गुंगी येते. त्या चालू असेपर्यंत मशीनवर, गाडीवर, उंचीवर काम नको. चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

मशीनच्या आधी तुम्ही बोला

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे. टेस्टमध्ये सापडल्यावर केलेली कबुली आणि त्याआधी स्वतःहून सांगितलेली गोष्ट, यांत कागदावर आणि माणसांच्या मनात फार मोठं अंतर पडतं. अनेक मोठ्या कंपन्यांच्या धोरणात लिहिलेलं असतं की कामगाराने स्वतःहून मदत मागितली तर त्याला उपचाराला पाठवावं. टेस्टमध्ये सापडल्यावर मात्र शिस्तभंगाची वाट सुरू होते. तुमच्या कंपनीचं धोरण नोटीस बोर्डावर, एच.आर.कडे किंवा युनियनच्या ऑफिसात मिळेल. ते दारू न प्यायलेल्या दिवशी वाचलेलं बरं.

कुणाला सांगायचं? कारखान्यात ओ.एच.सी., म्हणजे कंपनीचा दवाखाना, असेल तर पहिला माणूस तिथला डॉक्टर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, आणि कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण ओ.एच.सी.चा डॉक्टर कंपनीच्या वतीने ‘फिट-अनफिट’ ठरवतोही, म्हणून बोलायला बसल्या बसल्या विचारा: ‘डॉक्टर, यातलं काय काय मॅनेजमेंटला कळवावं लागेल?’ उत्तर ऐकून मग पुढे बोला. दुसरा माणूस म्हणजे ज्याच्यावर विश्वास आहे असा सुपरवायझर किंवा युनियनचा पदाधिकारी. चहाच्या टपरीवरच्या सगळ्या मित्रांना सांगायची गरज नाही.

ठेकेदाराकडे असणाऱ्यांसाठी वेगळं लिहिलं पाहिजे, कारण कोकणातल्या कारखान्यांत आणि बंदरांवर अर्धी फौज त्यांची आहे, आणि त्यांचा गेटपास एका फोनवर बंद होतो. तिथे धोरण-समुपदेशन वगैरे कागदावर असलं तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हा अन्याय आहे, आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. अशा माणसाने आधी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरकडे उपचार सुरू करावेत, आजारपणाचा दाखला घ्यावा, त्यावर सुट्टी टाकावी, आणि पूर्ण बरं वाटल्यावरच गेटवर जावं. ठेकेदाराला ‘उपचार चालू आहेत’ एवढं सांगणं पुरेसं आहे. पगारातून ई.एस.आय., म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल आणि त्या सहामाहीच्या अटी पूर्ण होत असतील, तर ई.एस.आय.च्या डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाचा लाभ मिळतो: पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. हे अनेकांना माहीतच नसतं.

समोर बसून बोलायचं असेल तर लांबण लावू नका. एका क्रेन ऑपरेटरने साहेबांसमोर ठेवलेला कागद मी पाहिला आहे, अर्ध्या पानाचा, वहीतून फाडलेला. असाच साधा अर्ज पुरतो:

‘महोदय, मी मागील काही वर्षे दारूपासून दूर होतो. नुकताच माझा त्रास परत सुरू झाला असून मी स्वतःहून उपचार सुरू केले आहेत. त्या अवस्थेत मी कामावर आलेलो नाही. उपचारासाठी मला दि. … पासून दि. … पर्यंत वैद्यकीय रजा मिळावी. डॉक्टरांनी फिट ठरवल्यावर कंपनी सांगेल ती तपासणी देऊन कामावर हजर होईन. दाखला सोबत जोडला आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

टेस्ट लागलीच तर

समजा, हे सगळं करायच्या आतच अचानक टेस्ट झाली आणि आकडा आला. गेटवर हुज्जत नको, सिक्युरिटीवाल्याशी तर नकोच. ‘गैरवर्तन’ हा दुसरा आरोप आपल्या हाताने लिहिला जातो. शांतपणे तीन गोष्टी मागा: पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टेस्ट, दोन्ही वेळच्या आकड्यांची आणि वेळेची छापील पट्टी किंवा रजिस्टरची नक्कल, आणि वाद असेल तर रुग्णालयात रक्ताची तपासणी.

पंधरा मिनिटांचा नियम उगाच नाही. माउथवॉश, खोकल्याचं काही औषध, होमिओपॅथीचा अर्क, द्राक्षासव-दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टं (यांत आंबवण्याने तयार झालेलं अल्कोहोल असतंच) यांमुळे तोंडात राहिलेलं अल्कोहोल मशीन पकडतं. पाण्याने चूळ भरून थांबलं की ते निघून जातं. सॉल्व्हंटमध्ये काम करणाऱ्यांनी, सॅनिटायझर लावलेल्यांनीही हे सांगावं. दारू न पिता आकडा आला असेल तर हा तुमचा हक्क आहे, नेटाने मागा. नुसत्या वासावरून किंवा चालीवरून प्यायल्याचा निष्कर्ष पक्का धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात म्हटलं आहे. पण खरोखर प्यायला असाल तर औषधाची गोष्ट रचू नका. दुसऱ्या टेस्टला ती गळून पडते आणि मग तुमच्या खऱ्या उपचारांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही. आणि राजीनामा त्या दिवशी लिहायचा नाही, कितीही समजूत घातली तरी. ‘राजीनामा दे, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्या माणसाने दहा मिनिटांत वीस वर्षांची नोकरी लिहून दिलेली असते. ‘मला विचार करायला वेळ हवा, घरी बोलून सांगतो’ म्हणा. घरी मोटारसायकल चालवत जाऊ नका, कुणालातरी बोलावून घ्या.

नंतर आरोपपत्र येईल. दारूच्या नशेत कामाच्या जागी असणं हे बहुतेक स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे, म्हणून पत्र आल्यावर घाबरून न जाता मुदतीत लेखी उत्तर द्या. चौकशी मराठीत मागा, सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी घ्या. स्थायी आदेश लागू असलेल्या ठिकाणी निलंबन झालं तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं. चौकशी तुमच्यामुळे लांबलेली नसेल तर पुढे ७५ टक्के. उत्तरात उपचाराचे कागद जोडा. चौकशी अधिकाऱ्यासमोर ‘पुन्हा होणार नाही’ या शपथेपेक्षा दवाखान्याची तारीखवार फाइल जास्त बोलते.

पुन्हा सोडताना

दारू अचानक घेतली असं वाटतं, पण मागे वळून पाहिलं तर ग्लासाच्या आधीचे आठ-पंधरा दिवस बदललेले सापडतात. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जाणं थांबलेलं. सलग रात्रपाळ्या. जेवण अवेळी. जुन्या मित्राला आपण होऊन केलेला फोन. त्या दिवसांची तारीखवार यादी लिहून काढा, शक्य तितकी बारीक: कुठल्या रस्त्याने घरी आलो, खिशात किती पैसे होते, कुणाशी काय बोलणं झालं. ‘टेन्शन होतं’ एवढं लिहून चालणार नाही. पगाराच्या दिवशी बाजारपेठेतून न येता दुसऱ्या रस्त्याने यायचं, हा निर्णय अशाच यादीतून निघतो.

कोकणाचं पंचांग हातात घेऊन बसा. शिमगा आणि पालखी. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी आणि त्यांच्या बॅगेतली बाटली. आषाढातली गटारी. गणपतीत रात्रीची भजनं आणि मागच्या पडवीतली बैठक. जत्रा. सिंधुदुर्गात गोवा बनावटीची स्वस्त दारू. यांतल्या प्रत्येक तारखेसमोर लिहा: त्या रात्री मी कुठे असेन, कुणाबरोबर असेन, किती वाजता घरी येईन.

श्रावणाबद्दल एक ठाम मत सांगतो. ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे माझ्या हातात आहे’ हा आधार फसवा आहे. महिनाभर न पिता गौरी-गणपतीला दुप्पट पिणारे प्रत्येक वाडीत आहेत. आणि ज्यांनी माळ घालून सोडली होती आणि मोडली, त्यांच्या मनावर दुहेरी ओझं असतं. त्यांनी गुरुजी किंवा दिंडीतल्या वडीलधाऱ्यांशी जरूर बोलावं, पण डॉक्टरांकडेही जावं. श्रद्धेने बळ मिळतं, यकृताची आणि मेंदूची तपासणी मात्र दवाखान्यातच होते.

तलफ कमी करणारी औषधं आहेत: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. ती मनोविकारतज्ज्ञ यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून देतात. घसरणीनंतर ‘माझ्यावर औषध चाललं नाही’ म्हणून सोडून देऊ नका. औषध बदलता येतं, डोस बदलता येतो. अल्कोहोलिक्स ॲनोनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, मीटिंगा मराठीत चालतात, पैसे लागत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. स्लिप झालेल्या माणसाला तिथे कुणी हाकलत नाही. जवळपास प्रत्येकाची तीच कहाणी असते. जवळ मीटिंग नसेल तर फोनवर जोडणाऱ्या असतात. निवासी उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे, कोकणातून तिथे बरेच जण जातात. दुसरं कुठलं केंद्र निवडताना तिथे डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण-कोंडून ठेवणं होत नाही ना, हे स्वतः जाऊन बघा.

घरच्यांसाठी

वहिनी, ताई, आई, तुमच्याशी दोन शब्द. कंपनीत फोन करून ‘ह्यांना ताप आलाय’ असं तुम्ही सांगू नका. ते त्याचं वाक्य आहे, त्यालाच बोलू द्या. एकदा तुम्ही खोटं बोललात की पुढच्या वेळी ते तुमचंच काम होऊन बसतं.

जेवणातून, चहातून न सांगता द्यायची पुडी किंवा थेंब आणू नका. जाहिराती खूप आहेत. त्यांत काय असतं याचा भरवसा नसतो, आणि डायसल्फिरामसारखं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर माणूस मरू शकतो. औषध त्याला माहीत असूनच द्यायचं.

तो प्यायलेला असताना भांडण, हिशेब, शपथा काहीही नको. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर बोला, मुलं झोपल्यावर, आणि एकच मागा: आज डॉक्टरकडे चल. हात उचलत असेल तर मात्र थांबू नका, माहेरी किंवा शेजारी जा, ११२ ला फोन करा. ए.ए.सारखीच घरच्यांसाठी अल-अनॉन ही संघटना आहे. नवरा सुधारो न सुधारो, तुमच्या झोपेसाठी तिथे जा.

परत गेटवर

डॉक्टरांचा फिटनेस दाखला हातात असल्याशिवाय जाऊ नका. कंपनी परतताना टेस्ट घेईल, पुढचे काही महिने अचानक बोलावून घेईल. अटी लेखी मागा: किती काळ, कोणत्या प्रकारची टेस्ट, कुणासमोर, आणि पुन्हा आकडा आला तर काय. शक्य असेल तर पहिले काही आठवडे रात्रपाळी आणि एकट्याची ड्युटी टाळून मागा. झोप मोडली की तलफ वाढते. पगार काही महिने बायकोच्या किंवा आईच्या खात्याकडे वळवण्याचं स्वतः सुचवा.

पहिल्या दिवशी सहकारी चिडवतील. ‘हो, झालं होतं, आता उपचार चालू आहेत’ एवढंच म्हणून कामाला लागा.

नोकरी गेलीच तर हक्काचे पैसे सोडून येऊ नका. प्रॉव्हिडंट फंड कंपनीला अडवता येत नाही. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा अर्ज करा. ती जप्त करायला कायद्याने ठरलेली मोजकीच कारणं लागतात आणि तसा लेखी आदेश काढावा लागतो. अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती मागून घ्या. आणि पुढची नोकरी शोधायला निघायच्या आधी दवाखान्यातली पुढची तारीख ठरवून ठेवा, ती चुकवू नका.